वेग मोजला जातो, खोळंबा कोण मोजणार?

'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' हे वाक्य धाराशिव जिल्ह्यातील खेडुताच्या कानांना आता तितकेच सरावाचे झाले आहे, जितके एके काळी 'साहेब दौऱ्यावर आहेत' हे होते. दोन्ही वाक्यांचा गुण एकच. त्यांत कोणाकडेही दोष येत नाही, उत्तर दिल्यासारखे होते आणि समोरचा माणूस मुकाट्याने परततो. पहिल्या वाक्याच्या बाबतीत मात्र आणखी एक गंमत आहे. ज्या लिपिकाच्या तोंडून ते बाहेर पडते, त्यालाही ते खरे की खोटे हे ठाऊक नसते. पुष्कळदा सर्व्हर चालू असतो, खांबावरची तार शाबूत असते, यंत्रावरचे हिरवे दिवे लुकलुकत असतात आणि वेग तपासून पाहिला तर आकडाही बरा येतो. तरीही पिकाच्या नोंदीचे छायाचित्र वर जात नाही, शिक्षकाने लावलेली चित्रफीत मध्येच थिजते, विद्यार्थ्याचा अर्ज शेवटच्या पानावर येऊन अडून बसतो. जोडणी आहे, वेग आहे, काम मात्र होत नाही, अशी ही अवस्था आहे. तिची चिकित्सा करण्याऐवजी तिला 'नेट स्लो' असे नाव देऊन मोकळे होण्याची सवय सर्वांनाच जडली आहे.

ही सवय महाग पडणारी आहे. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेसोळा लाख असून तीतील पाचांपैकी चारांहून अधिक माणसे खेड्यांत राहतात. सहाशेहून अधिक ग्रामपंचायतींचा हा जिल्हा नीती आयोगाने २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातला. त्या कार्यक्रमात प्रगती मोजण्यासाठी जे निकष ठरले, त्यांत ग्रामपंचायतीला इंटरनेटची जोडणी आहे किंवा नाही, हाही एक निकष होता. निकष योग्यच होता, परंतु तो 'आहे' किंवा 'नाही' एवढेच विचारणारा होता. विहीर आहे काय, असे विचारावे आणि तीत पाणी किती, पोहरा वर यायला किती वेळ लागतो, हे विचारूच नये, असा तो प्रकार झाला.

दरम्यान खेड्याचे सारे व्यवहार याच तारेवर येऊन बसले. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या शेतातील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः भ्रमणध्वनीवरून, छायाचित्रासह करावी, अशी व्यवस्था आली. पीकविम्याचे अर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज, प्रवेशाच्या फेऱ्या, शाळेची वार्षिक माहिती, सेवानिवृत्तांचे हयातीचे दाखले, सारे काही संगणकावर आले. यांतील बहुतेक गोष्टींना मुदत असते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी होणारा खोळंबा केवळ तांत्रिक राहत नाही, तो न्यायाचा प्रश्न होतो. पुण्याच्या विद्यार्थ्याचा अर्ज चार मिनिटांत जातो आणि भूम-परंड्याकडील खेड्यातला विद्यार्थी चार तास बसूनही अर्जाचे शेवटचे पान पार करू शकत नाही, असे जेथे घडेल तेथे दोघांना मिळालेली संधी समान आहे, असे म्हणता येणार नाही.

रुंदी वेगळी, विलंब वेगळा

या दुखण्याचे निदान होत नाही याचे पहिले कारण असे, की 'वेग' या एकाच शब्दाखाली दोन भिन्न गोष्टी झाकल्या जातात. एका सेकंदात किती माल वाहून जातो ही रुंदी झाली. तिलाच बँडविड्थ म्हणतात आणि जाहिरातीत जे मेगाबिटांचे आकडे येतात ते तिचेच असतात. पाठवलेली वस्तू पोचून तिची पोच परत यायला किती वेळ लागतो, हा विलंब झाला. त्याचा उल्लेख जाहिरातीत नसतो.

हा भेद समजण्यासाठी धाराशिवकरांना दूर जायला नको. याच जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत त्याचे नाव आहे. तगरचे कापड गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात नेले जाई. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणहून तगर आणखी दहा दिवसांच्या वाटेवर, असा हिशेब त्या ग्रंथात दिलेला आहे. तगरच्या व्यापाऱ्याने शंभराऐवजी दोनशे गाड्या जोडल्या असत्या, तर भडोचला दुप्पट कापड पोचले असते. पण पोचले असते ते तिसाव्याच दिवशी. आणि भडोचच्या दलालाला एखादा प्रश्न विचारून उत्तर मागवायचे असते, तर दोनशे गाड्या असोत की दोन, दोन महिने थांबणे भागच होते.

आजचा संगणकावरील अर्ज हा केवळ माल नसतो, तो संवाद असतो. एक पान उघडण्यासाठी यंत्रायंत्रांत डझनावारी प्रश्नोत्तरे होतात. प्रत्येक उत्तराला एक सेकंद लागला, तर शंभर मेगाबिटांची जोडणीही अर्धा मिनिट कोरे पान दाखवीत राहते. वस्तुतः अंतराचा दोष येथे नगण्य आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. धाराशिव ते मुंबई हे अंतर ढोबळ मानाने चारशे किलोमीटर धरले, तर जाऊन-येऊन लागणारा वेळ सेकंदाच्या हजार भागांपैकी अवघे चार भाग, म्हणजे चार मिलिसेकंद होतो. वाटेतली वळणे आणि थांबे धरून तो दसपट झाला, तरी माणसाला जाणवणार नाही. दुतर्फा संभाषण सुखाने चालावे म्हणून एका दिशेचा विलंब दीडशे मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. तेव्हा चाळीस मिलिसेकंदांचे काम जेथे दोन-तीन सेकंद घेते, तेथे उरलेला वेळ वाटेत कोठेतरी चोरीला जातो आहे, हे उघड आहे. चोरीच्या जागा फार नाहीत. मुख्यतः तीन आहेत.

कुर्डुवाडीची अदलाबदल

पहिली जागा मापांच्या विसंगतीची. तारेवरून कोणतीही मोठी वस्तू अखंड जात नाही. तिचे लहान तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालून तो रवाना होतो. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. इथरनेट या सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत एका पॅकेटात जास्तीत जास्त १५०० बाइट माल मावतो. म्हणजे पंधरा मेगाबाइटांची एक लहानशी चित्रफीत पाठवायची, तर सुमारे दहा हजार पॅकेटे निघतात. परंतु वाटेतील प्रत्येक टप्प्याचे माप १५०० असेलच असे नाही. अनेक ब्रॉडबँड जोडण्यांत जी प्रवेशपद्धती वापरतात, तिचे स्वतःचे आठ बाइटांचे वेष्टन असते; त्यामुळे आत १४९२ बाइटच मावतात. कार्यालयाने सुरक्षिततेसाठी व्हीपीएनचा बोगदा घातला असेल, तर माप आणखी उतरते.

जुन्या बार्शी लाइट रेल्वेची ज्यांना माहिती आहे, त्यांना यातील मर्म लगेच कळेल. १८९७ साली कुर्डुवाडीकडून बार्शीपर्यंत सुरू झालेली आणि पुढे येडशी-ढोकीच्या बाजूने १९११ साली लातूरला पोचलेली ही गाडी अडीच फुटी रुळांवरून धावे, तर कुर्डुवाडीचा मोठा लोहमार्ग साडेपाच फुटी होता. त्यामुळे एका गाडीचा डबा दुसऱ्या रुळांवर जाऊच शकत नसे. माल उतरवायचा, पुन्हा चढवायचा, त्यात वेळ जायचा, नग गहाळ व्हायचे. दोन्ही मार्ग आपापल्या जागी उत्तम होते. त्रास होता तो सांध्यावर. या शतकाच्या पहिल्या दशकात त्या मार्गाचे रुंदीकरण झाले आणि ती अदलाबदल संपली. संगणकांच्या जाळ्यात मात्र अशा कुर्डुवाड्या आजही जागोजागी आहेत, आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत.

पॅकेट मोठे आणि वाट अरुंद असली, तर राउटरपुढे दोन पर्याय असतात. पॅकेट फोडून त्याचे तुकडे पुढे धाडणे हा पहिला. त्यात श्रम वाढतात आणि एक तुकडा जरी हरवला तरी सारे पॅकेट वाया जाते. म्हणून आज बहुतेक पॅकेटांवर 'फोडू नये' अशी खूण असते. मग दुसरा पर्याय उरतो: पॅकेट टाकून द्यायचे आणि पाठवणाऱ्याला 'एवढे मोठे चालत नाही, लहान करून पाठवा' अशी सूचना परत धाडायची. ही रीत १९९० सालीच लेखी नियमांत आली. रीत सरळ आहे; पण ती बिघडवली अतिसावधपणाने. सुरक्षेच्या नावाखाली काही ठिकाणी फायरवॉल असल्या सर्वच सूचना संशयास्पद ठरवून अडवते. गार्डाने 'डबा पुढे जात नाही' अशी चिठ्ठी मागे पाठवावी आणि वाटेतल्या पहारेकऱ्याने ती फाडून टाकावी, तसे हे होते. पाठवणारा तेच मोठे पॅकेट पुनःपुन्हा पाठवीत राहतो आणि ते पुनःपुन्हा नाहीसे होत राहते.

या दोषाचे लक्षण मोठे फसवे आहे. लहान पॅकेटे बिनबोभाट जातात, म्हणून नाव आणि परवलीचा शब्द स्वीकारला जातो, पान उघडते, जोडणीची चाचणीही उत्तीर्ण होते. मोठे पॅकेट निघण्याची वेळ आली, म्हणजे छायाचित्र जोडले किंवा चित्रफीत चढवू लागले, की सारे स्तब्ध होते. 'सकाळी तर चालत होते', 'शेवटच्या पानावरच अडते' या तक्रारी पुष्कळदा याच जातीच्या असतात, आणि तक्रार करणाऱ्यालाच अज्ञानी ठरवले जाते.

वास्तविक हा दोष पकडणे दहा मिनिटांचे काम आहे. कोणत्याही संगणकावर असणाऱ्या पिंग या आज्ञेने 'फोडू नये' अशी अट घालून १४७२ बाइटांचे पॅकेट पाठवावे. पत्त्याचे २८ बाइट धरून ते बरोबर १५०० होते. ते गेले, तर वाट पूर्ण मापाची आहे. ते गेले नाही आणि १४६४ चे गेले, तर वाटेचे माप १४९२ आहे. आणि पॅकेट अडल्यावर सूचना परत आलीच नाही, तर चिठ्ठ्या फाडणारा पहारेकरी वाटेत कोठेतरी बसलेला आहे, असा संशय बळावतो. इलाजही राउटरवरील एका ओळीच्या मांडणीचा आहे: आपल्या टोकालाच पॅकेटाचे माप वाटेच्या मापाएवढे बांधून घेणे. त्यासाठी नवी तार लागत नाही आणि अधिक मेगाबिट तर मुळीच लागत नाहीत.

लांब रांगेचा मोह

दुसरी जागा रांगेची. तुळजापूरला नवरात्रात ज्यांनी दर्शनबारी पाहिली आहे, त्यांना हे सांगायला नको की मंडप मोठा केल्याने दर्शन लवकर होत नाही. गाभाऱ्यासमोरून मिनिटाला जितकी माणसे जातात तितकीच जातात. मंडप वाढवला, तर ऊन-पावसापासून निवारा मिळतो. पण आत शिरलेल्या माणसाला किती तास लागतील हे मंडपाच्या लांबीवर नव्हे, तर पुढे उभ्या असलेल्या माणसांवर अवलंबून असते. मंडप जितका मोठा, तितकी अधिक माणसे आत घेतली जातात आणि शेवटच्या माणसाची प्रतीक्षा तितकीच लांबते.

राउटरमधील स्मृती, म्हणजे बफर, हा असाच मंडप आहे. स्मृती स्वस्त झाली तशी यंत्रे बनवणाऱ्यांनी ती सढळ हाताने घातली. हेतू चांगला होता: एकही पॅकेट वाया जाऊ नये. परिणाम उलटा झाला. दोन मेगाबिटांनी वर माल पाठवणाऱ्या जोडणीच्या तोंडाशी एक मेगाबाइटचा बफर असला आणि तो भरला, तर त्याच्या शेपटाला उभ्या राहिलेल्या पॅकेटाला बाहेर पडायला चार सेकंद लागतात. म्हणजे शाळेत एकाने मोठी चित्रफीत चढवायला घेतली, की शेजारच्या संगणकावरील विद्यार्थ्याचे चिमुकले 'होय' हे उत्तरही चार सेकंद अडकून पडते. एकही पॅकेट हरवलेले नसते, वेगाचा आकडाही उत्तम असतो, आणि तरीही सर्वांचे काम ठप्प असते.

हा मोह का घातक आहे, हे समजायला थोडा इतिहास पाहावा लागेल. १९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यामधील संदेशवहन एकाएकी मंदावले. अंतर होते अवघे चारशे यार्ड. सेकंदाला ३२ हजार बिटांचा वेग ४० बिटांवर आला, म्हणजे जवळजवळ आठशेपटीने घसरला. तार तुटलेली नव्हती. प्रत्येक संगणक उत्तर न आल्यामुळे तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवीत होता आणि गर्दीत आणखी गर्दी करीत होता. व्हॅन जेकबसन या शास्त्रज्ञाने १९८८ साली त्याची मीमांसा प्रसिद्ध केली आणि उपाय सुचवला: पॅकेट हरवणे हा गर्दीचा इशारा मानावा आणि तो मिळताच पाठवणाऱ्याने हात आखडता घ्यावा. इंटरनेट कोसळले नाही याचे मोठे श्रेय या संयमाला आहे. पण इशाऱ्यावर चालणाऱ्या या व्यवस्थेत, इशारा वेळेवर मिळाला तरच संयम येणार. अजस्र बफर पॅकेट टाकतच नाही, सारे पोटात घेत राहतो. म्हणून इशारा उशिरा पोचतो आणि तोवर रांग सेकंदांची झालेली असते. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या रोगाकडे लक्ष वेधले आणि 'बफरब्लोट' असे त्याचे नाव रूढ केले. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी रांगेची लांबी न पाहता पॅकेट रांगेत किती वेळ उभे आहे हे पाहणारी पद्धत मांडली. त्याच वर्षी ती लिनक्स या विनामूल्य प्रणालीत आली. तिच्याच एका सुधारित रूपात प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी ठेवली जाते. मुखदर्शन घेऊन निघून जाणाऱ्याला अभिषेकाच्या रांगेत उभे करू नये, तसा हा न्याय आहे.

याही रोगाची परीक्षा साधी आहे. जोडणी रिकामी असताना विलंब मोजावा आणि एखादी मोठी फाइल वर चढत असताना तोच पुन्हा मोजावा. पहिला आकडा तीस मिलिसेकंद आणि दुसरा दोन हजार आला, तर रोग रांगेचा आहे. अशा वेळी अधिक वेगाची योजना घेणे म्हणजे दर्शनबारीच्या गर्दीवर गावात येणारा रस्ता रुंद करण्याचा उपाय योजणे होय. त्याने काही दिवस बरे वाटते, नंतर गर्दी पुन्हा तेथेच साचते. त्याऐवजी वर जाणाऱ्या मालाचा वेग राउटरवरच जोडणीच्या क्षमतेहून किंचित कमी बांधावा आणि रांगेची शहाणी पद्धत चालू करावी, हा खरा इलाज होय.

तिसरी जागा गळतीची. तंतूचा सांधा नीट जुळलेला नाही, तो कोठे नको तेवढा वाकलेला आहे, शेवटचा टप्पा बिनतारी आहे आणि त्याचे क्षीण संकेत भिंतींतून येताहेत, अशा वेळी शेकडा एखादे-दुसरे पॅकेट हरवते. एवढ्याने काय बिघडते, असे वाटेल. परंतु माल क्रमानेच हवाली करायचा असल्यामुळे एक पॅकेट हरवले, की त्यामागे आलेली सारी पॅकेटे दारात तिष्ठत राहतात. शिवाय हरवलेले पॅकेट गर्दीचा इशारा समजले जाते आणि पाठवणारा विनाकारण वेग कमी करतो. १९९७ साली मांडल्या गेलेल्या एका सूत्रानुसार, जुन्या रूढ पद्धतीत गळती चौपट झाली की वेग निम्म्यावर येतो. येथे राउटरची मांडणी कामाची नाही. सांधाच दुरुस्त करावा लागतो. म्हणूनच तिन्ही दोष वेगळे ओळखता येणे अगत्याचे आहे. मापाच्या दोषावर सांधा बदलणे आणि सांध्याच्या दोषावर वेग वाढवणे, हे पोटदुखीवर चष्मा बदलण्यासारखे आहे.

तुकड्यांत वाटली गेलेली जबाबदारी

मग हे ज्ञान इतके सुलभ असताना खोळंबा का हटत नाही? कारण पॅकेटांप्रमाणेच जबाबदारीचेही तुकडे झालेले आहेत. तंतू एकाचा, तालुक्याचे यंत्र दुसऱ्याचे, ग्रामपंचायतीतील राउटर तिसऱ्याने बसवलेला, संकेतस्थळ चौथ्या खात्याचे आणि संगणकापुढे बसलेला केंद्रचालक यांपैकी कोणाचाच नोकर नव्हे. प्रत्येकाने आपला तुकडा तपासावा आणि तो निर्दोष असल्याचा निर्वाळा द्यावा, अशी ही रचना आहे. दोष सांध्यावर असतो आणि सांधा कोणाच्याच नोंदवहीत नसतो.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००६ च्या ब्रॉडबँड नियमांतच देशांतर्गत विनिमय केंद्रापर्यंतचा विलंब १२० मिलिसेकंदांच्या आत आणि पॅकेटांची गळती एक टक्क्याच्या आत असावी, असे निकष होते. २०२४ साली नवे नियम येऊन हे निकष अधिक काटेकोर झाले. पण निकष कंपनीला लागू होतात आणि आकडे सरासरीने ठरतात. सरासरीत मुंबईचा चौक आणि लोहारा तालुक्यातील वस्ती एकत्र मोजली, की वस्तीचा खोळंबा बुडून जातो. शिवाय जोडणी रिकामी असताना घेतलेले माप आणि शाळेच्या वेळेत, भार असताना घेतलेले माप यांत जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते.

यावर काही जण विचारतील, की जेथे विजेचाच भरवसा नाही तेथे मिलिसेकंदांच्या गप्पा कशाला? आक्षेप अगदीच फोल नाही. वीज गेल्यावर बंद पडणाऱ्या यंत्राला विलंबाचे माप लावण्यात अर्थ नाही, आणि बॅटरीची सोय ही पहिली गरज आहे. परंतु विजेचा प्रश्न निदान सर्वांना दिसतो. त्यासाठी मोर्चे निघतात, सभागृहात प्रश्न विचारले जातात. खोळंब्याचा प्रश्न अदृश्य आहे आणि म्हणूनच तो निमूटपणे सोसला जातो. दुसरे असे, की विजेसाठी कोट्यवधी रुपये लागतात. येथे लागते ती मुख्यतः नजर. आणखी एक आक्षेप असा, की शेवटच्या दिवशी खरोखरच संकेतस्थळावर ताण येतो, त्याला गावचे जाळे काय करणार? हे खरे आहे. पण जाळ्याचा विलंब मोजलेला असला, तरच दोष संकेतस्थळाचा आहे हे पुराव्यानिशी सांगता येते. माप नसेल, तर दूरच्या खात्याचा दोषही गावच्या केंद्रचालकाच्या माथी बसतो.

काय करता येईल?

पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या जोडणीचे चार आकडे महिन्यातून एकदा घेऊन फलकावर लावावेत: रिकाम्या जोडणीचा विलंब, भाराखालचा विलंब, पॅकेटांची गळती आणि न फुटता जाणारे सर्वांत मोठे पॅकेट. पर्जन्यमानाचे आकडे तालुक्याला जसे नोंदले जातात, तसेच हे नोंदले जावेत. मोजणीसाठी जिल्ह्यातील तंत्रनिकेतन आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे विद्यार्थी हे उत्तम मनुष्यबळ आहे. पुस्तकातला राउटर आणि गावातला राउटर यांतील अंतर त्यांना याच कामातून कळेल, आणि जिल्ह्याला निदान करणारे तंत्रज्ञ घरचे मिळतील.

दुसरी गोष्ट, निविदांची भाषा बदलली पाहिजे. 'इतक्या मेगाबिटांची जोडणी' एवढेच लिहिणाऱ्या निविदेला तेवढेच मिळते. भाराखालील विलंब किती असावा, पॅकेटाचे पूर्ण माप जावे की नाही, रांगेची आधुनिक पद्धत राउटरमध्ये असावी की नाही, हे करारात लिहावे आणि देयक मंजूर करताना तपासावे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेट कार्यक्रमासाठी १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये मंजूर केले. तालुका ते ग्रामपंचायत ही मांडणी एकेरी न ठेवता वर्तुळाकार करावी, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसरीकडून वाहतूक चालू राहील, असे त्या कार्यक्रमात आहे. हे स्वागतार्ह आहे. तथापि वर्तुळ पूर्ण झाले तरी ग्रामपंचायतीच्या कपाटावरील राउटरचा बफर तोच राहिला, तर केंद्रासमोरची रांग हलणार नाही. एवढा पैसा खर्च होत असताना शेवटच्या दहा हातांकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट नागरिकाच्या हक्काची. ज्या कामाला मुदत आहे, त्या कामासाठी केंद्रावर वेळेत आलेल्या माणसाची नोंद कागदावर व्हावी, त्या वेळचा विलंब त्या नोंदीवर लिहिला जावा आणि मुदत टळली, तर त्या दाखल्याच्या आधारे अर्ज स्वीकारला जावा. न्यायालयाच्या दारात सायंकाळी वेळेत पोचलेला पक्षकार आतील गर्दीमुळे हक्काला मुकावा, असे कोणी म्हणणार नाही. मग संगणकाच्या दारात वेळेत पोचलेल्या शेतकऱ्याला तो न्याय का नसावा? अशी तरतूद झाली, तर एक आनुषंगिक लाभही होईल. खोळंब्याची किंमत प्रथमच शासनाला मोजावी लागेल, आणि ज्याची किंमत स्वतःला मोजावी लागते, तो दोष शोधायला शासनाला फार वेळ लागत नाही.

शिक्षक, लिपिक आणि विद्यार्थी या तिघांचे यात विशेष कर्तव्य आहे, कारण खोळंब्याशी रोजची गाठ त्यांचीच असते. 'नेट स्लो आहे' या मोघम तक्रारीला मोघमच उत्तर मिळते. 'रिकाम्या वेळी चाळीस, भाराखाली अठराशे, आणि १४६४ च्या वर पॅकेट जात नाही' या तक्रारीला उत्तर देताना समोरच्याला काहीतरी दुरुस्त करावेच लागते. आकड्यांत मांडलेली तक्रार टोलवता येत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी तगरच्या व्यापाऱ्यालाही आपला माल भडोचला किती दिवसांत पोचतो, हे ठाऊक होते. आपला अर्ज मुंबईला किती वेळात पोचतो, हे त्याच भूमीतील शेतकऱ्याला आज कोणी सांगू शकत नसेल, तर कमतरता तारेत नाही, ती मोजण्याच्या इच्छेत आहे.